काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचे भूत

आखाडा बाळापूरच्या शिवारात राबणाऱ्या माणसाला अंधार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शेताची वीज बहुधा रात्रीची येते, आणि थंडीत गव्हाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन एकट्यानेच जावे लागते. झोत पडतो तेवढेच दिसते. बांधावरची बोरीची झुडपे मात्र कुणी दबा धरून बसल्यासारखी भासतात. जुने भुताचे चित्रपट करणाऱ्यांनी नेमके हेच हेरले होते. थोडे दाखवायचे, उरलेले पाहणाऱ्याचे मन आपोआप भरून काढते.

'भुताचे सिनेमे म्हणजे पोरांना बिघडवायचा धंदा,' असे पुष्कळ गुरुजी म्हणतात. मला ते पटत नाही. नीट पाहायला शिकले, तर भीती कशी तयार होते याचा एवढा चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

जर्मनीत १९२२ साली मुर्नाऊ यांनी 'नोस्फेरातू' नावाचा मूकपट केला. त्यात रक्तपिपासू पिशाच्च जिना चढते. पण आपल्याला दिसते ती भिंतीवरची सावली, लांब बोटांची. माणूस दिसला असता तर आपण त्याचा पोशाख निरखला असता. सावलीचे काय निरखणार?

त्याच जर्मनीतून जोसेफ विर्शिंग नावाचे छायाचित्रकार मुंबईला आले आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये राहिले. कमाल अमरोहींचा १९४९ चा 'महाल' त्यांनीच टिपला. अशोककुमार जुन्या वाड्यात येतो, भिंतीवर हुबेहूब स्वतःसारखी तसबीर पाहतो, आणि कुठूनसे गाणे ऐकू येते. लता मंगेशकरांचे ते प्रसिद्ध गाणे. आवाज दुरून जवळ येतोसा वाटावा म्हणून त्या लांबून गात गात मायक्रोफोनपाशी चालत आल्या, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आपण रेडिओ ऐकणारी माणसे. कानाने किती दिसते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. डोळे मिटून ते गाणे ऐका, वाडा उभा राहतो की नाही पाहा.

आता उजेडाची गंमत. सूर्य वर, दिवा वर; म्हणून नाकाची सावली खाली पडते आणि चेहरा ओळखीचा वाटतो. तोच उजेड हनुवटीखालून आला की सावल्या उलट्या होतात, आणि घरचा माणूस परका दिसू लागतो. कॅमेऱ्यापुढे लाल काच धरली तर काळ्या-पांढऱ्या फितीवर निळे आभाळ काळे उमटते. म्हणून भर दुपारी रात्र करता येई. रंगीत फितीवर ही लाल काच चालत नाही, सगळेच तांबडे दिसेल!

राज खोसलांच्या 'वह कौन थी?' (१९६४) ची सुरुवात पाहा. पावसाची रात्र, मोटार, वाटेत पांढऱ्या साडीतली बाई. काचेवरचे पाणी पुसणारे दांडे बंद पडतात, तरी तिला रस्ता दिसतो. बस्स, एवढेच. ना दात, ना नखे.

पण पुढे काय निघते? (शेवट सांगितला म्हणून रागावू नका.) इस्टेटीसाठी रचलेला डाव. 'महाल'मधले भूत माळ्याची मुलगी निघते. बिरेन नाग यांच्या १९६२ च्या 'बीस साल बाद'मध्ये सूड घेणारा जिवंत माणूस असतो. बिमल रॉय यांनी 'महाल'चे संकलन केले आणि १९५८ साली 'मधुमती' काढला. त्यात तर नायक स्वतःच भुताचे सोंग उभे करून गुन्हेगाराच्या तोंडून खरे काढू पाहतो; मग मात्र खरीच मधुमती येते. म्हणजे अपवाद आहे, पण आपल्याकडच्या त्या काळच्या नावाजलेल्या चित्रपटांत बहुतेक वेळा भुतामागे माणूसच असतो, आणि त्याला काहीतरी हवे असते.

हे मी मुद्दाम लांबवतो आहे. आपल्या मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली कितीजणांचा, त्यातही बायकांचा, छळ झाला हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात २०१३ साली झाला; पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि भीती घरात. 'ह्या भीतीतून कुणाचे साधते आहे?' हा प्रश्न मुलाला चावडीवर सुचणे अवघड, पडद्यासमोर सहज सुचतो.

गुरुजी, वरच्या वर्गातल्या मुलांना 'महाल'चा तो गाण्याचा भागच दाखवा. खोलीत अंधार करा. भ्रमणध्वनीच्या बोटभर पडद्यावर काही जमायचे नाही. एकदा आवाजासह दाखवा, मग आवाज बंद करून. भीती कुठे गेली ते मुलांनाच विचारा. नंतर एकाच्या हनुवटीखाली बॅटरी धरा. पोरे आधी किंचाळतील, मग हसतील, आणि मग प्रत्येकाला आपल्या हनुवटीखाली बॅटरी हवी असेल. सेल जास्तीचे आणून ठेवा.