गिटारीचा कॅपो आणि गाणाराची पट्टी

मराठी घरांतून गाणें शिकणाऱ्या मुलामुलींना आपला आवाज कोणत्या पट्टीचा आहे, हें बहुधा पेटीच्या आधारेंच प्रथम कळतें. कोणी काळी एकमध्यें गातो, कोणाला काळी चार सोसते, कोणाचा गळा काळी पांचच्या खालीं खुलतच नाहीं. पट्टी एकदां ठरली कीं तंबोरा त्या स्वराला लावावयाचा आणि पेटीवाल्यानें त्याच स्वरास षड्ज मानून बोटें फिरवावयाचीं, असा प्रघात आहे. चांगल्या पेटीवाल्याला त्यांत अवघड असें कांहीं वाटत नाहीं. परंतु हल्लीं पुष्कळ घरांतून पेटीच्या शेजारीं गिटारही येऊन बसली आहे. आणि बहीण गात असतां भावानें गिटारीवर साथ धरली म्हणजे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. भावाला जे स्वरमेळ सुलभ असतात, ते झाडून सारे पांढऱ्या पट्ट्यांचे. आणि बहिणीचा गळा तर काळी चारचा! अशा वेळीं माघार घेतो तो बहुधा गळाच. वरच्या पट्टींत नेला तर तो तारसप्तकांत ताणला जातो, खालच्या पट्टींत आणला तर मंद्रांत बुडून जातो. वाद्याच्या सोयीसाठीं आवाजाची अशी ओढाताण होऊं नये म्हणून जें एक लहानसें साधन गिटार वाजविणारे वापरतात, त्याला कॅपो असें म्हणतात.

गिटारीला पांढऱ्या पट्ट्यांचा एवढा लोभ कां, हें आधीं पाहिलें पाहिजे. तिच्या सहा तारा खर्जाकडून मोजल्यास पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पांच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन अशा लाविलेल्या असतात. एकाच वेळीं तीनचार स्वर मिळून वाजणाऱ्या स्वरमेळाला, म्हणजे कॉर्डला, त्यांतील कांहीं तारा मोकळ्या सोडून उरलेल्यांवर दोनतीन बोटें ठेवलीं कीं काम भागतें. अशा मोकळ्या तारांच्या ठेवणी मुख्यतः पांच आहेत, आणि त्या पांढरी एक, दोन, तीन, पांच व सहा या पट्ट्यांच्या आहेत. पांढरी चार आली कीं अडचण सुरू झाली. आणि काळ्या पट्ट्यांना तर तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा एकदम दाबल्यावांचून गत्यंतर नाहीं. आडव्या तर्जनीची ही ठेवण साधण्यास महिनेच्या महिने लागतात. ती साधल्यावरही मनगट लवकर थकतें, आणि मोकळ्या तारेचा जो भरदार, लांबत जाणारा नाद तो नाहींसा होतो. कॅपो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून न थकणारी एक कृत्रिम तर्जनी होय. तो दांडीवर बसविला कीं तारांची लांबी तेथून सुरू होते आणि वाजविणाराचें खरें बोट दुसऱ्या कामाला मोकळें राहतें. स्केल-चेंजर पेटींत स्वरपट्टी सरकवून जें साधतात, तेंच येथें एका आडव्या दांडक्यानें साधतें.

शब्द मूळचा इटालियन. 'कापो तास्तो' म्हणजे पडद्यांच्या पट्टीचें डोकें. जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी यानें १६४० सालीं तो वापरला, पण या साधनासाठीं नव्हे, तर व्हिओला द गाम्बा या वाद्याच्या खुंट्यांजवळील आडपट्टीसाठीं. स्पेनमध्यें याच साधनाला 'सेहिया' म्हणतात, म्हणजे चिमुकली भुंवई. आणि दांडीवर आडवा बसलेला तो लांकडी तुकडा पाहिल्यास हें नांव किती समर्पक आहे हें कोणालाही पटेल. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतील जेम्स अ‍ॅशबॉर्न नांवाच्या गिटारी बनविणाऱ्या कारखानदारानें १८५० सालीं कॅपोचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून आजपर्यंत इतक्या तऱ्हा निघाल्या आहेत कीं दुकानांत गेलेला नवखा मनुष्य गोंधळून जावा.

हिशेब मात्र सोपा आहे. गिटारीचा प्रत्येक पडदा अर्ध्या स्वराचा. म्हणून कॅपो जितक्या पडद्यांवर, तितके अर्धे स्वर पट्टी वर चढते. काळी चार हवी असेल तर पांढरी पांचची ठेवण धरून कॅपो पहिल्या पडद्यावर लावावा, अथवा पांढरी तीनची ठेवण धरून चौथ्यावर. काळी एकसाठीं पांढरी एकची ठेवण व पहिला पडदा, किंवा पांढरी सहाची ठेवण व चौथा पडदा. काळी पांचला पांढरी सहाची ठेवण पहिल्या पडद्यावर, नाहीं तर पांढरी पांचची तिसऱ्यावर. कॅपोनें पट्टी वरच जाते, खालीं येत नाहीं, अशी तक्रार कित्येक करतात. पण ठेवण बदलली कीं तीही अडचण राहत नाहीं. पांढरी एकवरून पांढरी सातला उतरावयाचें असल्यास पांढरी सहाची ठेवण दुसऱ्या पडद्यावर घ्यावी. एकाच पट्टीला असे दोन मार्ग असतात, आणि दोहोंचा नाद एक नसतो. ६५० मिलिमीटर लांबीची तार दुसऱ्या पडद्यावर सुमारें ५७९ मिलिमीटर उरते, सातव्यावर ४३४. जसजशी तार आंखूड होते तसतसा खर्जाचा घुमारा कमी होऊन नाद मंडोलिनसारखा चुणचुणीत होतो. जॉर्ज हॅरिसन यानें १९६९ सालच्या 'हिअर कम्स द सन' या गीतासाठीं कॅपो सातव्या पडद्यावर मुद्दाम नेला, तो या चकाकीसाठींच. गाणाऱ्याला भारदस्त आधार हवा असेल तेथें मात्र खालचा पडदाच बरा.

कॅपो लावणें म्हणजे चोरवाट धरणें, असा एक आक्षेप कांहीं शिक्षक घेतात. नवशिक्यानें त्याच्या आधारें आडवी तर्जनी शिकण्याचें कायमचें टाळलें, तर तो आक्षेप खरा आहे. पण स्पेनच्या दक्षिणेकडील फ्लामेंको संगीतांत हें टीकास्त्र बोथट होतें. तेथील निष्णात वादकही 'सेहिया' लावतात, कारण तेथें गिटार ही गळ्याची चाकर मानली जाते. त्यांच्या बहुतेक रचना दोनच मुख्य ठेवणींतून जन्मलेल्या असतात. मोकळ्या तारांचे झणत्कार, अंगठ्याचे आघात, सारें त्या ठेवणींतच बसलेलें. गाणाराचा आवाज उंच कीं ठेंगणा हें पाहून वादक सेहिया एकदोन पडदे सरकवतो आणि रचनेचें रूप न बिघडवितां ती गाणाराच्या गळ्यांत नेऊन बसवतो. ज्यांच्या संगीतांत पट्टी गाणाराची आणि साथ त्यानुसार, अशा आपल्या लोकांना या रीतींत आक्षेपार्ह कांहीं वाटूं नये.

आतां निवडीचा प्रश्न. दुकानदार रंग दाखवतो, एका हातानें झटकन् लावण्याची सोय दाखवतो. खरी गोष्ट सहसा दाखवीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे दाब. तार पडद्याला टेकेल इतका दाब अवश्य हवा. तो कमी पडला तर तार खरखरते किंवा बद्द वाजते. पण त्याहून अधिक दाब पडला तर तार पडद्यामागें खालीं वांकते, वांकली म्हणजे ताणली जाते आणि ताणली म्हणजे तिचा स्वर चढतो. शिवाय साऱ्या तारा सारख्या चढल्या असत्या तर एक वेळ चालतें. पण जाड व बारीक तारा निरनिराळ्या प्रमाणांत चढतात. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट मानतात. त्यांतले दहाबारा सेंट जरी एखादी तार चढली तरी तयार कानाला ती खुपते, आणि मेळांत तर तो बेसूर लपतच नाहीं. ज्यांच्या गिटारीचे पडदे उंच आहेत, त्यांना हा दोष अधिक बाधतो. गाणारी मुलगी अशा साथीवर तासभर रियाज करील, तर तिचा कान त्या चढेल स्वरालाच खरा मानूं लागेल. दोषाची खरी किंमत ती आहे. म्हणून स्वच्छ नाद निघेल इतकाच, आणि सहाही तारांवर सारखा, दाब देतो तो कॅपो चांगला.

या कसोटीला लावून पाहतां सध्यांच्या जातींचे गुणदोष स्पष्ट होतात. सर्वांत प्रचलित तो स्प्रिंगचा, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यासारखा. एका हातानें लागतो, एका हातानें निघतो, दोन गाण्यांच्या मध्यें खुंट्यांच्या टोंकाला अडकवून ठेवतां येतो. जलशांत त्याची ही चपळाई मोलाची आहे. पण त्याचा दाब स्प्रिंगच्या मर्जीचा. वाजविणाराला तो कमीजास्त करतां येत नाहीं. शिवाय तिरपा बसला तर तो तारांना बाजूला ओढतो. दुसरी जात स्क्रूची. ती बसवण्यास चारदोन क्षण अधिक लागतात, परंतु दाब मनाजोगा नेमका ठेवतां येतो; घरीं बसून रियाज करणाऱ्याला ही जात अधिक मानवते. या दोहोंच्या मधली एक युक्ति कॅलिफोर्नियांतील रिक शब व डेव्ह कून्ट्झ यांनीं काढली व तिला पेटंट मिळालें: स्क्रूनें दाब एकदां ठरवून ठेवावयाचा आणि पुढें केवळ एक लहानशी दांडी मिटून कॅपो बसवावयाचा. दांडी वरच्या पडद्यांकडे जाड होत जाते, तेवढ्यापुरता स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो. रबरी पट्ट्याचा कॅपो स्वस्त आणि हलका. परंतु पट्टा सैल पडला कीं त्याचें आयुष्य संपलें. स्पेनचा लांकडी सेहिया एका खुंटीनें दोरा पिळून आंवळतात व तारांना लागणाऱ्या अंगाला चामडें लावतात. तो लावण्यास वेळ लागतो, पण हातांत घेतल्यावर तो ठेवावासा वाटत नाहीं हेंही खरें.

मात्र जात कोणतीही निवडली तरी ती आपल्या गिटारीच्या दांडीला बसली पाहिजे, आणि बहुतेक फसगत येथेंच होते. नायलॉनच्या तारांच्या अभिजात गिटारीची दांडी रुंद, खुंट्यांजवळ सुमारें ५२ मिलिमीटर, आणि पडद्यांचा पृष्ठभाग सपाट असतो. पोलादी तारांच्या गिटारीची दांडी त्याच ठिकाणीं ४३-४४ मिलिमीटर व पृष्ठभाग किंचित् फुगीर. फुगीर दांडीसाठीं केलेलें वक्र दांडकें सपाट दांडीवर लावलें तर त्याचीं दोन टोंकें आधीं टेकतात व मधल्या तारा उपाशी राहतात. सपाट दांडकें फुगीर दांडीवर लावलें तर कडेच्या तारा खरखरतात. दाब वाढवून हा दोष झांकण्याचा यत्न करणें म्हणजे एका बेसुरासाठीं दुसरा पत्करणें. बारा तारांच्या गिटारीला तर निराळाच कॅपो घ्यावा, कारण तींत जाड तारेच्या शेजारीं वरच्या सप्तकाची बारीक तार असते व साधें दांडकें जाडीवर अडकून बारकीला पोंचत नाहीं.

विकत घेतांना आपली गिटार बरोबर नेणें हाच उत्तम मार्ग. प्रथम मोकळ्या तारा नीट मिळवाव्या. मग कॅपो दुसऱ्या पडद्याच्या अगदीं लगत, पण खुंट्यांच्या बाजूस, पडद्याला समांतर ठेवावा. पडद्याच्या माथ्यावर ठेवल्यास नाद बुजतो, आणि फार मागें ठेवल्यास तार अधिक वांकते. नंतर एकेक तार सावकाश छेडावी आणि ट्यूनरवर प्रत्येकीचा स्वर पाहावा. सर्वच तारा थोड्या चढल्या तर त्या उतरवून घेतां येतील. एकदोनच भलत्या चढल्या तर तो कॅपो परत द्यावा. हीच परीक्षा पांचव्या पडद्यावर पुन्हा करावी, कारण तेथें दांडी रुंद व जाड झालेली असते. कॅपो काढल्यावरही तारा एकदां तपासाव्या. आडपट्टीच्या खांचेंत तार अडकून राहते व थोडी बेसूर होते. ती बोटानें हलकेच उचलून सोडली कीं पूर्ववत् बसते.

हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांब फिरवून वाजविण्याची गिटार ज्या घरीं आहे, त्यांनीं मात्र यांतील कांहींच विकत घेऊं नये. त्या वाद्याच्या तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात, आणि वाजविणाराच्या हातांतील कांबच पट्टी ठरवते. इतरांनीं वादन संपल्यावर कॅपो दांडीवर तसाच ठेवून गिटार पेटींत घालूं नये. तारांवर अकारण ताण राहतो, आणि कांहीं रबरांचा डाग जुन्या लाखी झिलईवर असा उमटतो कीं मग तो निघत नाहीं.