पाईप केवढ्या व्यासाचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या मारुती ८०० चा सायलेन्सर गंजून तुटला. गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, नवा बसवतोच आहोत तर दोन इंची पाईप टाकू. गाडी मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल." बाजूला उभे असलेले वयस्कर मिस्त्री म्हणाले, "छे, इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच. पाईप बारीकच हवा." दोघेही अनुभवाने बोलत होते आणि दोघांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध होती. पैसे मात्र माझे जाणार होते! प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात नेण्याजोगा आहे. तो सोडवायला वर्तुळाचे क्षेत्रफळ, वायूंचा एक नियम आणि कार्याची व्याख्या एवढेच पुरते.

आधी पाईपातून किती वायू जातो ते काढू. या इंजिनाला तीन सिलिंडर, एकूण आकारमान ७९६ घनसेंटिमीटर. इंजिन चार फटक्यांचे, म्हणून दोन फेऱ्यांत एकदा ते एवढी हवा आत घेते. मिनिटाला ५००० फेरे होत असतील तर २५०० वेळा. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. ८० टक्के भरतो असे धरले तर साधारण २६.५ लिटर हवा आत जाते.

बाहेर पडताना ती तापलेली असते. एक्झॉस्टचे तापमान जागोजागी वेगळे असते, पण सरासरी ७५० केल्विन धरू. आत जाताना ते ३०० केल्विन होते. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे आकारमान अडीच पट होणार: सेकंदाला सुमारे ६६ लिटर. मुले येथे हमखास सेल्सिअस अंश वापरून भागाकार करतात. करू द्यावा, आणि उत्तर हास्यास्पद का येते ते त्यांनाच शोधू द्यावे.

आता वेग. पाईपचा आतला व्यास २५ मिलिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर, आणि वायूचा वेग सेकंदाला १३५ मीटर. व्यास ३५ मिलिमीटर केला तर वेग ६९ मीटरवर येतो. दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरच्या पाईपात तो जेमतेम ३४ मीटर उरतो.

वेग वाढला की घर्षणही वाढते, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय बारीक पाईपात वायूचा मोठा हिस्सा भिंतीच्या जवळून जातो. दोन्ही परिणाम एकत्र केले तर ठरावीक प्रवाहासाठी दाबातील घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येते. सुमारे तीन मीटर लांबीच्या सरळ पाईपसाठी ढोबळ हिशेब केला तर ३५ मिलिमीटरला ही घट ३००० पास्कल, २५ ला पाचपटीहून अधिक, सुमारे १६००० पास्कल, आणि ५० ला फक्त ५०० पास्कल. येथवर माझ्या विद्यार्थ्याची बाजू भक्कम दिसते.

पण ही बचत शक्तीच्या भाषेत किती? दाब गुणिले आकारमान म्हणजे कार्य. पिस्टन सेकंदाला ३३ लिटर, म्हणजे ०.०३३ घनमीटर जागा रिकामी करतो. ३००० पास्कलविरुद्ध ढकलायला त्याला सुमारे १०० वॅट लागतात. २५ मिलिमीटरच्या पाईपात ५०० वॅटहून थोडे जास्त, आणि ५० च्या पाईपात १६ वॅट. इंजिनाची एकूण शक्ती ३७ अश्वशक्ती धरली तर ती २७ हजार वॅटच्या वर भरते. म्हणजे पंचविशीचा पाईप खरोखर नुकसानीचा. मात्र पस्तिशीवरून पन्नाशीवर जाऊन कमाई सुमारे ८० वॅटची. छताचा एक पंखा चालेल एवढीच! तीही इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असताना. गावातल्या रस्त्यावर तेवढीही नाही.

मग मिस्त्रींचे म्हणणे खरे का? तेही तसे नाही. बॅकप्रेशरचा इंजिनाला कधीच फायदा होत नाही. तो नुसता विरोध आहे. वर्गात एकाला लांब श्वास घेऊन शीतपेयाच्या स्ट्रॉमधून झटकन सोडायला सांगा. गाल फुगतात, तेच बॅकप्रेशर. हा समज बहुधा कार्ब्युरेटरच्या काळातला असावा: पाईप बदलला की हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडे, आणि दोष दाब कमी झाल्यावर जाई.

मिस्त्रींच्या अनुभवात तथ्य आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा राहतेच. या इंजिनात दर सिलिंडरमागे ती साधारण ३३ ते ३५ घनसेंटिमीटर आहे. तिथला जळका वायू पिस्टन ढकलू शकत नाही. तो काढण्याचे काम आधीच बाहेर धावत सुटलेला वायू करतो. एसटी भरधाव गेली की मागे पालापाचोळा ओढला जातो, तसे. एक्झॉस्ट अखंड धारेत वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. ३००० फेऱ्यांना या इंजिनातून सेकंदाला ७५ धक्के निघतात. प्रत्येक धक्क्यामागे दाब क्षणभर कमी होतो. नेमक्या त्याच वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असले तर उरलेला वायू ओढला जातो आणि ताजी हवा आत येते. पाईप फार रुंद असला की वेग पडतो आणि ही ओढ मंदावते. ती मुख्यतः इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या भागात कामाची असते, म्हणून तिथे रुंदी वाढवणे जास्त नडते. मागच्या टोकाला तितके नाही.

मागे नडते ते पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. (रासायनिक समीकरणावरून मुलांकडून काढून घ्यावे, त्यांचा विश्वास बसत नाही.) रुंद पाईपात वायू रेंगाळतो, थंड होतो, वाफेचे पाणी होऊन आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. आवाज वाढतो तो वेगळाच, आणि त्या आवाजामुळेच गाडी जोरात पळते असे वाटते.

साधारणपणे पूर्ण फेऱ्यांना वेग सेकंदाला ६० ते ९० मीटर राहील असा व्यास निवडणे सोयीचे. मी ३५ मिलिमीटरचा पाईप बसवला. विद्यार्थ्याने लगेच विचारले, "सर, मग १२०० सीसीला?" प्रवाह आकारमान आणि फेरे यांच्या गुणाकाराने वाढतो, व्यास त्याच्या वर्गमुळाने. ६००० फेरे धरले तर उत्तर सुमारे ४७ मिलिमीटर येते. त्याचा दोन इंची पाईप तिथे शोभला असता.

मुलांकडून मोजमाप करून घ्यायचे असेल तर व्हर्नियर पाईपच्या आतल्या बाजूला लावावे, आणि टोकाला चमकदार नळकांडे बसवलेले असेल तर त्याच्या अलीकडे मोजावे. ते बहुधा शोभेचे असते. इंजिन बंद आणि पाईप गार झालेला हवा. चालू गाडीमागे मुलांना वाकू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.