संसारातील यंत्रे आणि दुकानदाराचा शब्द

लोधीखेडा हे गाव जुन्या गॅझेटियरांतून पितळेची व तांब्याची भांडी आणि जाडेभरडे सुती कापड यांकरिता नोंदले गेले आहे. आज २०२३ साली स्थापन झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आणि सौंसर तालुक्यात मोडणारे आमचे हे छोटेसे गाव संत्र्याच्या बागांमुळे अधिक ओळखले जाते. परंतु भांड्यांशी त्याचे नाते जुने आहे. अशा गावात भांडी व लोखंडी सामान यांचे दुकान तीन पिढ्या चालविणाऱ्या घरात माझा जन्म झाला. म्हणून घरोघरीच्या साध्या, स्वस्त यंत्रांविषयी चार अनुभवाचे शब्द या स्मरणिकेत लिहावयाचे योजिले आहे. ही यंत्रे विकत घेणाऱ्यांचे अनुभव हीच खरी व्यापाराची शाळा होय, असे मला आता वाटू लागले आहे.

आजोबांच्या काळी दुकानात यंत्र असे नव्हतेच. पितळेचे पातेले घरात आले की ते दोन पिढ्या टिके. कल्हई उडाली की कल्हईवाला नवसागर व कथील घेऊन दारात बसे, आणि पातेले पुन्हा चांदीसारखे होई. फुटलेच तर मोडीत वजनावर त्याचे पैसे येत. वस्तू किती टिकेल हा प्रश्न गिऱ्हाइकास पडत नसे, आणि दुकानदारास त्याचे उत्तर द्यावे लागत नसे.

हा प्रश्न प्रथम स्टोव्हने उभा केला. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेम लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली प्रायमस स्टोव्ह बाजारात आणला. रॉकेलची वात न जाळता त्याची वाफ करून जाळावयाची, ही त्यातील युक्ती. काकडा पेटवून बर्नर तापवावा, मग पंप मारावा, की निळी ज्योत भरभर आवाज करीत उठे आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरत नसे. चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या गृहिणीस हे केवढे सुख! परंतु निपलच्या केसाएवढ्या छिद्रात कचरा अडकला की सारा स्वयंपाक खोळंबे. पंपाचा चामड्याचा वायसर सुकला की हवा भरत नसे. स्टोव्ह एकदाच विकला जाई. पिना, वायसर व बर्नर मात्र वर्षभर लागत. माझे वडील म्हणत, "स्टोव्ह विकणारे पुष्कळ आहेत, पिन ठेवणारा एक असावा." एका पिनेवर नफा तो काय मिळणार? पण पिनेसाठी आलेले गिऱ्हाईक परत जाताना दुसरे काही घेऊन जाई, आणि मुख्य म्हणजे पुन्हा येई.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर आमच्यासाठी परराज्यातले शहर झाले. तरी आमची खरेदी नागपूरच्या इतवारीतूनच होत राहिली. नागपूर-छिंदवाडा छोट्या लाइनच्या गाडीतून माल येई. त्याच मार्गाने पुढे शिवणयंत्रे आली आणि प्रेशर कुकर आला. शिवणयंत्राने या गावातील कित्येक माउलींना स्वतःच्या पायावर उभे केले. दुपारी पायडल चालवून मुलांच्या शाळेचा खर्च भागविणारी घरे मी पाहिली आहेत. त्या यंत्राला मागणे फार थोडे: आठवड्याला दोन थेंब तेल, वेळेवर नवी सुई आणि सैल झालेला पट्टा बदलणे. ज्यांनी हे केले, त्यांच्या घरी आजीचे यंत्र आज नातसून चालवीत आहे.

मिक्सरची कथाही बोधप्रद आहे. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्याकडील वाटण-घाटणापुढे टिकला नाही. तेव्हा त्यांनी भारतीय स्वयंपाकास सोसेल असे यंत्र घडविले व ते सुमीत या नावाने घरोघरी पोहोचले. भिजलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंड ज्याला दळता येत नाही, ते यंत्र कितीही देखणे असले तरी आपल्या ओट्यावर निरुपयोगीच.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिण्याचे धाडस केले, तो सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण दोष माझा आहे.

प्रेशर कुकरचे भारतीय उत्पादन १९५९ च्या सुमारास हॉकिन्स व प्रेस्टिज या नावांनी सुरू झाले. कोंडलेल्या वाफेमुळे आतील पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि तुरीची डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. पण या दाबाचा हिशेब आपण करीत नाही. दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो धरला, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून ३०० किलोंहून अधिक रेटा बसतो. तीन क्विंटलांचे ओझे गृहिणीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर! ते सुखरूप राहते ते शिटीचे छिद्र मोकळे असल्यामुळे. आणि ते तुंबले, किंवा पाणी आटून भांडे कोरडे तापले, तर लहानशी सुरक्षा-झडप वितळून वाफ सोडते म्हणून.

काही वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याने मला बिनशिक्क्याचे कुकर देऊ केले. किंमत शिक्क्याच्या मालाच्या जवळजवळ निम्मी. आंबिया बहाराचे दिवस, गावात रोख पैसा खेळत होता. मी ते घेतले आणि विकले. संत्र्याच्या बागेत तोडणीस जाणाऱ्या एका बाईने त्यातला एक उधारीवर नेला व तीन हप्त्यांत पैसे चुकते केले.

पुढे एकदा पाणी आटले आणि झडप वितळली. म्हणजे झडपेने आपले काम चोख केले. बाई नवी झडप मागण्यास दुकानी आली. त्या मापाची झडप माझ्याकडे नव्हती. कारखान्याचा पत्ताही नव्हता. "नागपूरला जाईन तेव्हा पाहतो," असे सांगून मी विसरलो. तिने कुणाकडून तरी त्या छिद्रात बोल्ट बसवून घेतला. महिनाभराने डाळीचे साल शिटीत अडकले, आणि वाफेला वाट उरली नाही. झाकण उडून छपराला लागले, दोन कवेलू फुटले. ती त्या क्षणी पाणी आणण्यास अंगणात गेली होती, एवढेच दैव बलवत्तर.

दुसऱ्या दिवशी वाकलेले झाकण पदराखाली घेऊन ती दुकानात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "शेठजी, मला वाचता येत नाही. भांडं तुमच्या दुकानातलं होतं, म्हणून घेतलं."

वाचकहो, त्या वाक्याने मला जे शिकविले ते कोणत्याही नुकसानीने शिकविले नसते. गिऱ्हाईक शिक्का वाचीत नाही. ते दुकानदाराचे तोंड वाचते. मी तिला शिक्क्याचा नवा कुकर दिला, आणि त्या रात्री खातेवही काढून बसलो. तसे एकूण अकरा कुकर विकले गेले होते. उधारीची नावे वहीत होती, रोखीची आठवून काढली. नऊ परत मिळाले. त्यांचे पैसे दिले. एक परगावी गेला होता, एकाचा पत्ता लागला नाही. मोठे बंधू म्हणाले, "अपघात बोल्टने झाला, आपल्या मालाने नव्हे." बोलणे खोटे नव्हते. पण बोल्ट बसविण्याची पाळी कोणी आणली, याचे उत्तर आमच्या दोघांपाशीही एकच होते.

आपल्या वजनमापांवर दर मुदतीस सरकारी शिक्का मारून घेण्याची सवय आपणास आहे. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी तक्रार केली, पण शेर-छटाक बाजूस ठेवलेच. वजनावरील शिक्का जसा गिऱ्हाइकाचे रक्षण करतो, तसाच तो प्रामाणिक व्यापाऱ्याचेही करतो. भांड्यावरील आयएसआय चिन्हाचे तेच काम आहे. हे चिन्ह आज १९८७ साली अस्तित्वात आलेला भारतीय मानक ब्यूरो देतो. आणि फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर ते बंधनकारक झाले आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, कुकरसाठी २३४७, आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील सोयीत घालून खराखोटा पाहता येतो. माल उतरवून घेताना दुकानदाराने हे पाच मिनिटांचे काम करावे; ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या वतीने वाचणे हेही आपल्या गादीचे कर्तव्य आहे.

स्वस्ताईचा खरा हिशेबही आपणच गिऱ्हाइकास मांडून दाखवावा. ६० वॅटचा जुना दिवा व ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळाले, तर वर्षाकाठी सुमारे ९३ युनिटांचा फरक पडतो. दुकानातील किंमत एकदाच मोजावी लागते. वापराची किंमत रोज.

त्या प्रसंगानंतर आमच्या दुकानात तीन नियम झाले. ज्या वस्तूचे सुटे भाग मिळत नाहीत ती विकावयाची नाही. प्रत्येक कुकरबरोबर एक जादा झडप त्याच वेळी द्यावयाची आणि शिटीचे छिद्र उजेडाकडे धरून कसे पाहावे हे गिऱ्हाइकाच्या हातून करवून घ्यावयाचे. आणि "पाहतो" असे ज्याला म्हटले, त्याचे नाव त्याच क्षणी वहीत टिपावयाचे.

ते वाकलेले झाकण मी मोडीत घातले नाही. गादीच्या मागील खुंटीस ते आजही टांगलेले आहे. नवा विक्रेता स्वस्त भावाचे बोलणे काढतो, तेव्हा मी प्रथम तिकडे पाहतो आणि मगच भाव विचारतो.