सूक्ष्म तुषार आणि ग्रंथांचे रक्षण

दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) समृद्ध केलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे व मोडी कागद आहेत. अशा संग्रहाला आगीइतकेच ती विझविणाऱ्या पाण्याचेही भय असते. सूक्ष्म तुषार सोडणाऱ्या नोझलांची तुलना म्हणूनच महत्त्वाची ठरते. १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे ०.१ मिलिमीटरचे हजार थेंब केले, तर एकूण पृष्ठभाग दसपट होतो. ते झपाट्याने उष्णता शोषतात. त्यांची वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापून ज्वाळेजवळील प्राणवायू दूर सारते. परंतु अतिसूक्ष्म थेंब उष्ण झोताबरोबर उडून जातात. गठ्ठ्यांच्या आत धुमसणाऱ्या निखाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. तेथे अधिक जड, वेगवान थेंब हवेत. सारांश, आग आवरून कागद कमीत कमी भिजविणारे नोझलच अशा ठिकाणी श्रेष्ठ होय.