‘वैमानिकाची चूक’ लिहून झाल्यावर

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय हवाई वाहतुकीचा जन्मदिवस म्हणून ही हकीगत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. त्यांचे विमान होते डी हॅविलंड कंपनीचे पस मॉथ. एकच पिस्टन इंजिन, डोक्यावर पंख, बंदिस्त केबिन. मात्र नेमक्या त्याच काळात या जातीची विमाने हवेतच मोडत होती, हे फारसे कुणी सांगत नाही. पहिला अपघात ऑक्टोबर 1930 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात झाला. मे 1931 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रेकन्सबर्ग डोंगरांत ग्लेन किडस्टन हे नावाजलेले ब्रिटिश वैमानिक असेच गेले. अशा वेळी वादळावर किंवा वैमानिकावर बोट ठेवून फाइल बंद करणे सोपे असते. पण अपघात थांबेनात, तेव्हा संशोधकांनी विमानाकडेच मोर्चा वळवला. खवळलेल्या हवेत पंखाला खालून टेकू देणारा पुढचा दांडा वाकून निकामी होऊ शकतो, हे त्यांना आढळले. त्या दांड्यापासून पंखाच्या मागच्या जोडापर्यंत एक आखूड आडवा टेकू बसवल्यावर हा दोष दूर झाला.

छोट्या विमानांच्या अपघातांचा शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब काढला, तर हा प्रसंग अपवादात्मक वाटत नाही. बहुतेक अहवालांत कुठे ना कुठे वैमानिकाची चूक नोंदलेली असते आणि ती बहुधा खरीही असते. पण जिथे चौकशी त्या नोंदीवर थांबली, तिथे पुढच्या वैमानिकाच्या हाती काहीच पडले नाही.

सुरुवात अगदी पहिल्या बळीपासून करता येते. 17 सप्टेंबर 1908 रोजी अमेरिकेत फोर्ट मायर इथे ऑरव्हिल राइट यांच्या विमानाच्या पंख्याचे एक पाते तडकले आणि तो पंखा शेपटीकडच्या ताणतारेत अडकला. शेजारी बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज डोक्याला मार लागून गेले. ऑरव्हिलही गंभीर जखमी झाले, पण इस्पितळातल्या खाटेवर पडूनच ते तुटलेल्या पंख्याची कारणमीमांसा करत राहिले. पुढे अमेरिकी लष्कराचे वैमानिक उड्डाणात डोक्याला संरक्षक टोपी घालू लागले.

विमान का पडले, या प्रश्नाइतकाच पडल्यावर माणूस का मेला, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. तो चिकाटीने धरून बसणारा माणूस म्हणजे ह्यू डीहेवन. पहिल्या महायुद्धात प्रशिक्षणार्थी असताना त्यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळले आणि ते मरता मरता वाचले. पोटातल्या जखमांचे मूळ सुरक्षा पट्ट्याच्या बकलात आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. डॉक्टरांना हा विचार फारसा पटला नाही. 1942 मध्ये त्यांनी पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीर बरेच सोसते, पण धक्का कुठे आणि किती जागेत विभागला जातो यावर सारे अवलंबून असते, हा त्याचा निष्कर्ष. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पुढे अपघातातल्या जखमांवर संशोधन उभे केले. छोट्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्यावरून जाणारा पट्टा अमेरिकेत सक्तीचा झाला तो मात्र जुलै 1978 नंतर बनलेल्या विमानांपुरता. म्हणजे अभ्यासापासून नियमापर्यंत छत्तीस वर्षे गेली. दरम्यान 1972 च्या ॲग्नेस चक्रीवादळात पेन्सिल्व्हेनियातला पायपर कंपनीचा कारखाना पुराच्या पाण्याखाली गेला. विकण्याजोगी न राहिलेली विमाने नासाने घेतली आणि लँग्ली इथे चंद्रावर उतरण्याचा सराव करण्यासाठी उभारलेल्या उंच सांगाड्यावरून ती जमिनीवर आपटून पाहिली. आसने कशी मोडतात, पट्टे कुठे तुटतात, याचे मोजमाप तिथे झाले.

सर्वांत जास्त वेळा गिरवलेला धडा मात्र ढगांचा आहे. फुगडी थांबल्यावर आजूबाजूचे सारे फिरत राहते, ते कानातल्या द्रवामुळे. विमानात याच्या उलट घडते. संथपणे, एकाच वेगाने वळत राहिले की तो द्रव स्थिरावतो आणि माणसाला आपण सरळ जात आहोत असे वाटते. बाहेर क्षितिज दिसत असेपर्यंत डोळे कानाला दुरुस्त करतात. ढगात, धुक्यात, अंधारात ती सोय संपते. पंख कलतो, नाक खाली जाते, वेग वाढतो. वैमानिक घाबरून कांडी ओढतो, तसतसे विमान वर न येता आणखी घट्ट गिरकी घेत खाली जाते.

1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने हे मोजले. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बसवून बाहेरचे दिसणे बंद केले. विसांचेही विमान हाताबाहेर गेले. एकोणीस जण गिरकीत अडकले, एकाचे नाक नको इतके वर जाऊन विमान कोलमडले. सरासरी वेळ होती 178 सेकंद. पण त्याच लोकांना उपकरणे पाहून शांतपणे मागे वळण्याचा थोडा सराव दिल्यावर बहुतेकांना सुखरूप परतता आले. या प्रयोगाचा हा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. तीन मिनिटांचा आकडा मात्र दंतकथेसारखा पसरला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, 3 फेब्रुवारी 1959 च्या मध्यरात्रीनंतर, आयोवातल्या बर्फाळ अंधारात एक बोनान्झाच कोसळले. त्यात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर हे तीन लोकप्रिय गायक होते. वैमानिक 21 वर्षांचा, उपकरणांवर उडण्याचा परवाना नसलेला. चौकशीत त्याच्या निर्णयाला दोष दिलाच, पण आणखी दोन गोष्टी नोंदल्या. हवामान बिघडत असल्याच्या ताज्या सूचना त्याच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. आणि विमानातले कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण नाक वर की खाली हे त्याच्या सवयीच्या उपकरणाच्या नेमके उलटे दाखवत होते. विमान चढत आहे असे समजून त्याने ते उतरवत नेले असावे.

चाळीस वर्षांनी तेच. 16 जुलै 1999 च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणीला घेऊन पायपर साराटोगा उडवत होते. मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रावर धूसर हवा, अंधारी रात्र, क्षितिज नाही. नियमाने हे उड्डाण वैध होते. परवान्यासाठी अमेरिकेत तीन तासांचा उपकरण-सराव लागतो. केनेडींचा सराव त्याहून बराच जास्त होता. तरीही दिशाभ्रमाने घात केला.

इंधनाच्या अपघातांत मानवी वेंधळेपणाला सहज हसता येते, पण तिथेही मुद्दा रचनेचा निघतो. गायक जॉन डेन्व्हर यांनी नुकतेच घेतलेले घरगुती बांधणीचे लाँग-ईझी विमान 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्यालगत समुद्रात पडले. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता, त्यावर खुणाही नव्हत्या. तो फिरवायला मागे वळताना उजव्या पायाचा दाब सुकाणूवर पडला, असा तपासाचा निष्कर्ष.

यापेक्षा सुखान्त गोष्ट हवाई कसरतींचे बादशहा बॉब हूवर यांची. 1978 मध्ये सॅन डिएगोत त्यांच्या पिस्टन इंजिनांच्या श्राइक कमांडरमध्ये कर्मचाऱ्याने चुकून जेटचे इंधन भरले. दोन्ही इंजिने बंद पडली आणि हूवरनी विमान कसेबसे दरीत उतरवले. सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या विमानात इंधन भरायला त्याच पोराला बोलावले, कारण तो आता ही चूक जन्मात करणार नाही. हा किस्सा उमदा आहे यात शंका नाही. पण जास्त जीव वाचवले असतील ते त्यांच्या नावाच्या नळीने. जेट इंधनाच्या नळीचे तोंड चपटे-रुंद आणि पेट्रोलच्या टाकीचे तोंड अरुंद केले की चूक करायचीच म्हटली तरी करता येत नाही.

सगळेच धडे इतके नेमके नसतात. 11 एप्रिल 1996 रोजी सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ अमेरिका ओलांडण्याच्या ‘विक्रमा’वर असताना शायेन इथे सेसना कोसळून वडील आणि प्रशिक्षकासह गेली. अमेरिकी काँग्रेसने लगोलग मुलांच्या अशा विक्रमांवर बंदी घालणारा कायदा केला. तपासात मात्र कारण निघाले ते कुठल्याही मोठ्या माणसाच्या अपघातात सापडेल असे. सहा हजार फुटांवरची विरळ हवा, मर्यादेबाहेर वजन, समोरून येणारे वादळ आणि दूरचित्रवाणीला दिलेल्या वेळा गाठण्याची घाई. कायद्याने मथळ्याला उत्तर दिले, वजनाला नाही.

सायरस कंपनीचे उदाहरण याच्या उलट दिशेचे. ॲलन क्लॅपमायर 1985 मध्ये हवेतल्या टकरीतून वाचले, दुसरा वैमानिक मेला. म्हणून त्यांच्या कंपनीने 1998 मध्ये प्रमाणित झालेल्या एसआर-20 मध्ये अख्ख्या विमानाला पॅराशूट बसवले. तरी सुरुवातीची वर्षे निराशेची गेली. लोक दोरी ओढत नव्हते, किंवा जमीन जवळ आल्यावर ओढत होते. 2010 नंतर प्रशिक्षणच बदलले. दोरी ओढणे हा पराभव नाही, हे वारंवार घोकवले गेले. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण घसरले.

आपल्याकडे संजय गांधी 23 जून 1980 रोजी दिल्लीत सफदरजंगजवळ कमी उंचीवर कसरती करताना पिट्स विमान कोसळून गेले. त्याची चर्चा राजकारणाचीच झाली. नियम करणारे आणि तपास करणारे वेगळे हवेत, हे मान्य होऊन विमान अपघात तपास ब्युरो स्थापन व्हायला 2012 उजाडले. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली. सुदैवाने माणसे वाचली.

21 जानेवारी 2019 रोजी नाँतहून कार्डिफला निघालेले पायपर मालिबू ग्वेर्न्सीजवळ समुद्रात पडून फुटबॉलपटू एमिलियानो साला गेला. वैमानिकाकडे रात्री उडण्याची आणि भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी नव्हती. तपासकांनी हे लिहिले आणि सालाच्या रक्तातले 58 टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापले होते हेही लिहिले. वास नसलेला हा वायू गळक्या एक्झॉस्टमधून हीटरच्या वाटेने केबिनमध्ये येतो. तो ओळखून शिटी वाजवणारे यंत्र खिशात मावते. मालिबूत ते नव्हते. 1 जानेवारी 2025 पासून ब्रिटनमध्ये, वैमानिकाचा परवाना नसलेले प्रवासी बसणार असतील तर बहुतेक पिस्टन विमानांत ते ठेवावेच लागते.