रेंज पूर्ण, पण पान उघडत नाही
घरचं नेट : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण नवा राउटर भिंतीवर बसवला, त्याला नाव आणि पासवर्ड दिला. खरी कसोटी त्यानंतर लागते. मोबाइलवर वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, व्हॉट्सॲपवरचे निरोप जातात-येतात, पण बँकेची वेबसाइट उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं. गूगलवर शोधलेलं दिसतं, त्यातल्या दुव्यावर बोट ठेवलं की पांढरं पान. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असलेल्या घरात हे घडलं तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि मग कोणीतरी टाचणी घेऊन राउटरच्या मागचं बारीक बटण दाबून धरतं.

ते बटण दाबू नका. राउटर बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेटने तुमच्या जोडणीचं यूझरनेम आणि पासवर्डही पुसला जातो. तो कागदावर लिहिलेला नसेल तर केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत, आत्ता जे थोडंफार चालतंय तेही बंद. जोडणी घेतानाच या दोन्ही गोष्टी मागून वहीत लिहून ठेवाव्यात. तो ग्राहकाचा हक्क आहे.

पट्ट्यांवर विश्वास ठेवून फार लोक फसतात. पट्ट्या फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातल्या रेडिओ लहरींचं सांगतात. राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंत, तिथून कंपनीपर्यंत आणि पुढे वेबसाइटपर्यंत काय चाललंय, याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून पहिलं काम, लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघणं. केबलवर सगळं उघडतंय आणि वाय-फायवर नाही, तर दोष लहरींचा: भिंती, अंतर, शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी. केबलवरही तीच रड असेल, तर राउटरची जागा बदलून काहीही होणार नाही.

मग राउटरचं सेटिंगचं पान उघडून इंटरनेटच्या बाजूचा पत्ता पाहा. तिथे नुसती शून्यं असतील तर कंपनीकडून जोडणीच मिळालेली नाही. नवा राउटर लावल्यावर याचं एक कारण आपल्याकडे हमखास आढळतं. अनेक स्थानिक केबलवाले पहिल्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि दुसरं यंत्र जोडलं की दार उघडत नाही. त्यांना फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यावा. तेवढा धीर नसेल तर राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाची सोय असते, तिथे जुना पत्ता भरता येतो.

दुसरी भानगड दोन राउटरांची. कंपनीने दिलेला फायबरचा डबा बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो आणि त्याचा पत्ता अनेकदा १९२.१६८.१.१ असतो. बाजारातून आणलेल्या राउटरचाही तोच निघाला, तर दोन्ही बाजूंना एकच जाळं होतं आणि माहिती कुठे पाठवायची ते नव्या राउटरला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हे ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात, काही बदलत नाहीत. नव्याचा पत्ता १९२.१६८.२.१ केला तर भागतं. तरी माझं मत असं, की घरात पत्ते वाटणारा एकच असावा. नव्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ करून टाकावं, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल.

जोडणी आहे, पत्ताही आहे, तरी पानं उघडत नाहीत, तेव्हा डीएनएस तपासावा. वेबसाइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली, आणि आजही प्रत्येक पान उघडण्याआधी तिच्याकडे विचारणा होते. ब्राउझरमध्ये नावाऐवजी १.१.१.१ हा अंकी पत्ता टाका. क्लाउडफ्लेअर कंपनीचं पान उघडलं आणि नावाने काहीच उघडत नसेल, तर दोष इथेच आहे. राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यावर बहुधा काम होतं.

याच रकान्यात तुम्ही न भरलेला अनोळखी पत्ता दिसला तर मात्र सावध व्हा. ‘डीएनएसचेंजर’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातल्या लाखो संगणकांचे हे पत्ते बदलून लोकांना खोट्या पानांकडे वळवलं होतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेल्या राउटरांनाही त्याने हात घातला. अमेरिकेच्या एफबीआयने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यामागची टोळी पकडली. राउटरच्या पानाचा ‘ॲडमिन’ पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो बदला.

आता सगळ्यात चकवणारा दोष. काही वेबसाइट झटकन उघडतात, काही मुळीच नाही, आणि हे रोज त्याच त्या वेबसाइटच्या बाबतीत घडतं. लोक त्या वेबसाइटला नावं ठेवतात. पण मोबाइलचा डेटा चालू करून तीच वेबसाइट उघडली, तर ती बिचारी नीट चालू असते.

इंटरनेटवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी प्रवास करते. इथरनेटवर एका तुकड्याची कमाल मर्यादा १५०० बाइट. आपल्याकडे यूझरनेम-पासवर्डने चालणाऱ्या बहुतेक जोडण्या पीपीपीओई या पद्धतीच्या असतात आणि ती पद्धत प्रत्येक तुकड्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते. उरले १४९२. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. रेल्वेच्या पुलाआधी उंची मोजणारी लोखंडी कमान असते, तसं हे आहे: उंच ट्रक कमानीपाशी अडतो, आणि ‘माल कमी भरा’ असा निरोप मागे जायला हवा. इंटरनेटवर असा निरोप खरोखरच मागे पाठवला जातो. पण सुरक्षेच्या नावाखाली काही ठिकाणी असे सगळेच निरोप अडवले जातात. मग वेबसाइटचा सर्व्हर तोच मोठा तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि आपण चक्राकडे बघत बसतो. छोटे निरोप, साधी पानं यांचे तुकडे लहान, ते निसटून येतात. सुरक्षित वेबसाइट मात्र सुरुवातीलाच आपलं भलंमोठं प्रमाणपत्र पाठवते आणि तिथेच अडकते. बँकेचं पान अडतं आणि व्हॉट्सॲप चालतं, ते यामुळे.

हे नवा राउटर आल्यावरच का सुरू झालं? पूर्वी लॅपटॉपवरून थेट डायल करत होतात, तेव्हा पीपीपीओई लॅपटॉपच चालवत होता आणि माप आपोआप कमी ठेवत होता. आता ते काम राउटरकडे गेलं. लॅपटॉपला वाटतं १५०० ची मोकळीक आहे. चांगला राउटर मध्ये पडून दोन्ही टोकांना लहान तुकडे पाठवायला सांगतो. सेटिंग चुकलेलं असेल तर सांगत नाही.

विंडोजवर तपासायला कमांडच्या खिडकीत १.१.१.१ ला पिंग करा, म्हणजे चाचणीचा तुकडा पाठवा, सोबत तुकडे न पाडण्यासाठी ‘-एफ’ आणि मापासाठी ‘-एल’ देऊन १४७२ लिहा (अक्षरं अर्थात इंग्रजीत). तुकडे पाडावे लागतील असा संदेश आला आणि १४६४ ला उत्तर मिळालं, तर तुमची मर्यादा १४९२ आहे. कारण पिंगच्या मापात २८ बाइट वरच्या वेष्टनाचे मिळवायचे असतात. राउटरच्या इंटरनेट विभागात एमटीयूच्या रकान्यात १४९२ भरा, जतन करा, राउटर बंद-चालू करा. तरी अडत असेल तर १४८० करून पाहा. १४०० ला सगळं सुरळीत झालं तर दोष नक्की हाच; मग हळूहळू वर चढवत नेऊन चालणारा सर्वांत मोठा आकडा ठेवा. विनाकारण लहान ठेवला तर वेग थोडा कमी होतो.

जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक सुरक्षित पान ‘धोका’ दाखवत असेल तर आधी तारीख बघा. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि सगळी प्रमाणपत्रं अवैध ठरतात. राउटरचा यात काही संबंध नाही.

एवढं करूनही सुटलं नाही तर कंपनीला फोन करावाच लागेल. पलीकडचा माणूस आधी राउटर बंद-चालू करायलाच सांगेल; ते केलं आहे हे सांगा आणि पुढचं क्रमाने ऐकवा: केबलवर काय झालं, इंटरनेटच्या बाजूला कोणता पत्ता दिसतो, १.१.१.१ चं पान उघडतं का, पिंग कोणत्या आकड्याला अडतं. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि यूझरनेम लिहिलेल्या त्याच वहीत नोंदवा. पुढच्या भागात, जाड भिंतींच्या जुन्या घरांत दुसरा राउटर कुठे आणि कसा लावायचा, ते पाहू.