डोंगरात नेटवर्क नाही, तरी निळा ठिपका कसा दिसतो?

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. शनिवार-रविवार जोडून आम्ही तिघं खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. टोलार खिंडीच्या वर चढेपर्यंत सगळं झकास होतं. पुढे देवळापर्यंत छोट्या-छोट्या टेकड्या ओलांडाव्या लागतात, आणि नेमकं तिथेच धुकं उतरलं. दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसेना, त्यात वाटेला फाटे फुटलेले. मी फोन काढून मॅप उघडला. निळा ठिपका होता, पण त्याच्याभोवती नुसता करडा पडदा! रोज कोड लिहून पोट भरणारा मी, नकाशा डाउनलोड करायलाच विसरलो होतो.

ज्या गडावर कोकणकड्यासारखा कडा आहे, तिथे धुक्यात अंदाजाने चालायचं नसतं. म्हणून आम्ही बसून राहिलो. दीड तासाने गावातले दोघं जण भेटले आणि त्यांनी वाट दाखवली. मधल्या वेळात मित्राने विचारलं, "अरे, रेंज नाही, मग हा ठिपका कुठून येतोय?" प्रश्न एकदम बरोबर होता. चला, तेच समजून घेऊया.

ठिपका आकाशातून, नकाशा टॉवरवरून

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली जागा आणि वेळ सांगत असतात. फोन त्यांना काहीच पाठवत नाही, रेडिओसारखं फक्त ऐकतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. निदान चार उपग्रह मिळाले की तुमची जागा कळते. चौथा लागतो, कारण फोनचं घड्याळ उपग्रहाइतकं अचूक नसतं. या सगळ्यात सिम किंवा डेटा पॅकचा संबंध नाही.

नकाशाचं चित्र मात्र इंटरनेटवरून येतं. रेंज गेली की ठिपका राहतो, चित्र जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. नेटवर्क असताना उपग्रह कुठे आहेत याची माहिती फोनला नेटवरून झटकन मिळते. नसताना ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि तो वेग असतो सेकंदाला फक्त ५० बिट! त्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागू शकतो. मोकळ्या आकाशाखाली थांबा, धीर धरा. अरुंद घळीत कड्यांमुळे सिग्नल अडतात, तिथे ठिपका इकडे-तिकडे उड्या मारतो.

बर्फात ४० टक्क्यांवर फोन बंद

दुसरा धडा जानेवारीत गुलमर्गला मिळाला. चार दिवस स्कीइंग शिकायला गेलो होतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात होता. फोटो काढायला बाहेर काढला, बॅटरी ४० टक्के, आणि पटकन स्क्रीन काळी!

थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतली हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा सुरू केला की व्होल्टेज एकदम पडतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. चार्ज संपलेला नसतो, ऊब मिळाली की परत येतो. म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. आणि गारठलेला फोन लगेच पॉवर बँकेला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

निघण्याआधी एवढं करा

- गूगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स'मध्ये तो भाग डाउनलोड करा. पण ऑफलाइन असताना त्यात गाडीचा रस्ता मिळतो, पायी चालायचा नाही.
- म्हणून ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडसारखं ॲप घ्या. त्यांत ओपनस्ट्रीटमॅपवरच्या पायवाटा ऑफलाइन दिसतात. आधी कोणी चाललेल्या वाटेची जीपीएक्स फाइलही टाकून ठेवा.
- घरीच एअरप्लेन मोड लावून नकाशा उघडतो का ते तपासा. मी चुकलो ते इथेच!
- डोंगरात एअरप्लेन मोड चालू ठेवा, लोकेशन बंद करू नका. टॉवर शोधण्यातच बॅटरी जास्त जाते.
- काश्मीरला जात असाल तर बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.
- अडचणीत एअरप्लेन मोड काढून ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल लागू शकतो. कोणताच टॉवर नसेल तर मात्र लागणार नाही, म्हणून कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा.

आणि शेवटचं. फोन तुम्ही कुठे आहात ते सांगतो. समोरची वाट पावसात वाहून गेलीय का, ते त्याला माहीत नसतं. धुकं दाटलं, शंका आली, तर थांबा. आमचा दीड तास वाया गेला, पण तिघंही धडधाकट घरी आलो.